डिकीत बारक्या

साठीला टेकलेल्या, शंभर किलो वजनाच्या माणसानं गाडीच्या डिकीत शिरू नये, हे कळायला काही फार शिकावं लागत नाही. पण त्या संध्याकाळी तिघांचीही अक्कल एकदमच चरायला गेली होती. तिघं म्हणजे दादा, ताई आणि बारक्या, सख्खी भावंडं. बारक्याला हे नाव पडलं तेव्हा तो खरोखर काडी होता. पुढे पोट सुटलं, केस गेले, दमा लागला, पण नाव काही सुटलं नाही.

निमित्त होतं ड्राइव्ह-इनच्या शेवटच्या खेळाचं. गाडीत बसूनच सिनेमा बघायचं, शहराबाहेरच्या माळावरचं ते थिएटर कित्येक वर्षं बंद पडून होतं. आता तिथे गोदामं येणार होती, म्हणून मालकाच्या मुलीनं ठरवलं, पडदा पाडायच्या आधी एकदा सगळ्यांना बोलवू आणि तोच सिनेमा लावू. तोच म्हणजे कोणता, हे तिथल्या माणसाला विचारायची सोय नव्हती. विहिरीतून हात वर येतो तो. बाकी जगात तो भुताचा सिनेमा चार दिवससुद्धा टिकला नाही. इथे मात्र वर्षानुवर्षं दर शनिवारी लागायचा आणि दर शनिवारी माळ भरायचा. लोकांना संवाद पाठ. हात वर आला की घाबरायचं राहिलं बाजूला, सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम सुरू व्हायचे. काचा लावून बसलेल्यांच्या टाळ्या कोणाला ऐकू जाणार? म्हणून हॉर्न. रीळ तुटलं तर हेडलाइटची उघडझाप करायची आणि खूश झालं की हॉर्न वाजवायचा, अशी तिथली रीतच होती.

ताईला ते सगळं काल घडल्यासारखं आठवत होतं. गाडीचं नाक वर राहावं म्हणून केलेले मातीचे उंचवटे, खांबाला टांगलेले लोखंडी स्पीकर, ते खिडकीच्या काचेत अडकवताना हमखास चिमटणारं बोट. स्पीकर जुने, त्यामुळे नायिकेला कायमची सर्दी. ही तिघं बॉनेटवर चादर टाकून बसायची आणि इंजिनाची ऊब खालून लागत राहायची. एवढं सुख पुढे कुठल्याच गादीवर मिळालं नाही, असं ताई म्हणायची आणि तिचे नवरेबुवा दुखावले जायचे.

तिकीट माणशी असायचं आणि वडिलांचा खिसा बेताचा. त्यामुळे एक जण डिकीत, हे ठरलेलंच. एक म्हणजे अर्थातच सगळ्यात लहान असेल तो. ताई जेमतेम दहा वर्षांची असेल, पण हुकूम तिचा चालायचा. डिकीत शिरलास की हूं नाही की चूं नाही, गाडी जागेवर लागून मी झाकण वाजवेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा. गेटवर टॉर्चवाला असायचा ना. हा गडी टॉर्च घेऊन प्रत्येक गाडीत वाकायचा, सीटखाली बघायचा, आणि संशय आला की डिकी उघडायला लावायचा. बारक्या कधीच सापडला नाही. एकदा आत शिरताना त्याचं मनगट मोडलं होतं. पोरानं अख्खा सिनेमा बघितला, घरी आला, आणि सकाळी हात सुजून टम्म झाला तेव्हा आईला कळलं.

आणि हे खूळ लहानपणाबरोबर संपलं असतं तरी हरकत नव्हती. पण बारक्या जन्मभर तसाच राहिला. नोकरी गेली, सांगितलं नाही. बायको महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली, तरी हा फोनवर आपला, "सगळं मस्त चाललंय गं." ती गेल्यावर दोन वर्षं तो एकटाच राहत होता, दुसऱ्या गावी, आणि तिथेही सगळं मस्तच चाललं होतं म्हणे. ताईला त्याचा राग यायचा. पण फोन ठेवला की रागाचं पाणी व्हायचं.

तर त्या संध्याकाळी दादानं वडिलांची जुनी गाडी बाहेर काढली. ही गाडी म्हणजे दादाचा जीव की प्राण. निवृत्तीनंतर त्यानं तिच्यापलीकडे दुसरं काही केलं नव्हतं. नवा रंग, नवं कातडं, आतून बाहेरून पॉलिश. तिच्यावर माशी बसली तरी दादाच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

पेट्रोल पंपामागच्या वळणावर, जिथे पूर्वी वडील थांबायचे तिथेच, बारक्या म्हणाला, "थांबव. मी डिकीत बसतो."

"वेड लागलंय का तुला?" ताई म्हणाली. "स्वतःचा आकार बघ."

"अगं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. टॉर्चवाला अजून गेटवर आहे म्हणतात. त्याला शेवटचं एकदा फसवायला नको?"

तो हसत होता. त्याची बायको गेल्यापासून ताईनं त्याला असं हसताना बघितलं नव्हतं, आणि तिथेच ती फसली. "दम्याचा पंप आहे ना जवळ?" तिनं विचारलं. त्यानं जॅकेटचा खिसा थोपटून दाखवला. मग दादानं डिकी उघडली. बारक्या आधी एक पाय, मग पोट, मग दुसरा पाय असा कुथत कुथत आत शिरला, दोघंही हसून हसून बेजार झाली. "मेलो, काय उकडतंय," असं म्हणून त्यानं पडल्यापडल्याच जॅकेट काढलं आणि ताईच्या हातात दिलं. तिनं ते घेतलं. दादानं झाकण लावलं.

पाच मिनिटं कसली! वळण संपलं आणि समोर गाड्यांची रांग दिसली, ती थेट गेटपर्यंत. अख्खं शहर लोटलं होतं. त्यांच्यामागेही बघता बघता गाड्या लागल्या, एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. पुढे जाता येईना, मागे येता येईना. ऊन उतरलं होतं, पण रस्त्यावरून वाफा येत होत्या. दादानं स्टिअरिंगवर बोटं वाजवत जुने संवाद म्हणायला सुरुवात केली. ताईही साथ देत होती.

मग मागून धक्का बसला. फार मोठा नाही, मागच्या गाडीत कोणाचा तरी ब्रेकवरचा पाय सुटला होता. पण दादा तीरासारखा खाली उतरला. मागची गाडी चालवणारी बाई काच खाली करून माफी मागत होती, आणि दादा बंपरवर हात फिरवत, "वर सरकला हो, बंपर वर सरकला," असं रडकुंडीला येऊन सांगत होता. धक्क्यानं मागच्या सीटवरचं जॅकेट खाली पडलं. ताईनं वाकून ते उचललं, झटकलं, आणि तिच्या हाताला खिशातलं काहीतरी टणक लागलं.

दम्याचा पंप.

ती दार उघडून मागे धावली. "दादा, डिकी उघड."

"आत्ता? अगं, गेट दिसतंय समोर. बघतोय तो टॉर्चवाला."

"बघू दे नाहीतर नाचू दे. त्याचा पंप माझ्याकडे राहिलाय. उघड म्हणते ना!"

दादानं किल्ली लावली. किल्ली फिरली, कुलूप खट्‌ वाजलं, पण झाकण काही उठेना. वर सरकलेल्या बंपरनं त्याची कड खालून गच्च धरली होती. दादानं ओढलं, ताईनं ओढलं, मागची बाई उतरून आली आणि तिनंही ओढलं. झाकण बोटभरही हललं नाही.

"बारक्या!" ताईनं पत्र्यावर थाप मारली. "बारक्या, आवाज दे!"

आतून काहीच आलं नाही.

"तो देणार नाही," दादा म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटवून घ्यायचं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "तुला माहितेय ना तो. गाडी जागेवर लागेपर्यंत बोलायचा नाही. मजा करतोय गं तो आपली."

दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ झाला असता. पण हा बारक्या होता. हा ठीक असला तरी गप्प, आणि मरायला टेकला तरी गप्प. बाहेरून कळायचं कसं?

"बारक्या, खेळ संपला!" ती ओरडली. "ऐकतोयस का? आता बोलायचं! मी सांगतेय, बोल!"

आणि नेमके तेव्हाच हॉर्न सुरू झाले. मागच्या चार-पाच गाड्यांतल्या लोकांनी काय बघितलं? एक जुनी गाडी, डिकीभोवती दोन म्हातारी माणसं, आत कोणीतरी लपलेलं, आणि गेटवर टॉर्चवाला. त्यांना वाटलं, वा, काय धमाल आठवण काढलीय! एकानं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं, मग अख्खी रांग पेटली. पुढून, मागून, गेटच्या आतूनही. लोक खिडकीतून हात बाहेर काढून हलवत होते, शिट्ट्या मारत होते. ताईनं डिकीला कान लावला, तर पत्रा नुसता हॉर्ननं थरथरत होता. आत तो ठोकत असता तरी कळलं नसतं.

"बंद करा!" ती गाड्यांकडे बघून हात जोडत होती. "अहो, बंद करा ना!" लोकांना तोही अभिनयच वाटला. एकानं तर तिचा फोटो काढला.

दादा तोवर मागच्या सीटवर तुटून पडला होता. सीट उपटून काढली की मागे डिकीच. वडिलांच्या वेळी मध्ये साधा पुठ्ठा होता, लाथ मारली तरी फाटला असता. पण दादानं हौसेनं तो काढून तिथे जाड पत्रा बसवला होता, चारही बाजूंनी रिव्हेट मारून. आता तो त्याच पत्र्यावर मुठी आपटत होता. "मीच बसवला गं, मीच," एवढंच त्याच्या तोंडून येत होतं.

ताई गेटकडे पळाली. गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठे गेलं. टॉर्चवाला आता पार वाकला होता, पण टॉर्च हातात होताच. तिला येताना बघून त्याचा चेहरा फुलला. "सापडला की नाही?" तो म्हणाला. "आणि कशाला लपवता हो बाई, आज तिकीट गाडीला आहे, माणसाला नाही. सहा जण बसले असते तरी तेवढंच."

ते ऐकून ताईला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. "माझा भाऊ आहे आत," ती धापा टाकत म्हणाली. "दमा आहे त्याला. झाकण उघडत नाहीये. बोलत नाहीये तो. हे हॉर्न बंद करा, तुमच्या पाया पडते."

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. पुढचा प्रश्न न विचारता त्यानं गेटवरच्या खोलीतला माइक ओढला. माळावरच्या कर्ण्यांतून त्याचा खरखरीत आवाज घुमला. "हॉर्न बंद. सगळ्यांनी हॉर्न बंद करा. गेटसमोर डिकीत माणूस अडकलाय. खेळ नाही हा. जीव जातोय त्याचा. इंजिनंसुद्धा बंद करा."

एकेक करून हॉर्न थांबले. इंजिनं थांबली. इतकी माणसं, इतक्या गाड्या, आणि सगळीकडे अशी शांतता की कुंपणाची तार वाऱ्यानं करकरतेय ते ऐकू येत होतं. ताई परत धावत आली, गुडघ्यांवर बसली, फटीला कान लावला.

आधी काहीच नाही. तिच्याच छातीचे ठोके. मग आतून एक बारीक, चिरकी शीळ आली. थांबली. खूप वेळानं पुन्हा आली. लहानपणापासून ती शीळ तिला ठाऊक होती. त्याचा श्वास अडकायला लागला की छातीतून तोच आवाज यायचा.

"जिवंत आहे!" ती किंचाळली. "दादा, जिवंत आहे, पण जातोय तो! काहीतरी कर!"

तेवढ्यात मागच्या गाडीची डिकी आतून वाजली. त्या बाईनं ती उघडली, तर आतून केस विस्कटलेला तिचा नवरा बाहेर आला, पासष्टीचा, चष्मा वाकडा, हातात जॅकचा लोखंडी दांडा. "हा घ्या," तो म्हणाला. "मघापासून पाठीत रुततोय." त्याच्यामागच्या गाडीची डिकी उघडली, मग पुढची, मग तिच्याही पुढची. कुठून आजोबा उतरले, कुठून पर्स सावरत एक आजीबाई. अर्धी रांग डिकीत बसून आली होती. एरवी लोक लोळून हसले असते. आज कोणी हसलं नाही. जे ते पाय ओढत, कंबर धरत दादाच्या गाडीभोवती जमले.

दादानं दांडा घेतला. झाकणाच्या फटीला टोक लावलं आणि क्षणभर थांबला. थांबला तो त्या नव्याकोऱ्या रंगासाठी नव्हे, टोक आत बारक्याला लागू नये म्हणून. मग त्यानं सगळं अंग दांड्यावर टाकलं. रंगाचे टवके उडाले, पत्रा दुमडला. दांडा निसटून त्याच्या पोटरीवर बसला, रक्त आलं. त्यानं पुन्हा लावला. "ये ना रे, ये ना," तो दातओठ खात म्हणत होता, गाडीला की भावाला कोण जाणे. चौघं-पाच जण बंपर खाली दाबायला लागले. टॉर्चवाल्यानं येऊन फटीत टॉर्च मारला. तिसऱ्या दणक्याला बंपरमधली कड सुटली आणि झाकण कर्रकन वर गेलं.

बारक्या कुशीवर पडला होता. अंगावरचा शर्ट पिळून काढावा इतका ओला, ओठ निळे, डोळे अर्धवट उघडे. सहा हातांनी त्याला बाहेर काढलं, चाकाला टेकवून बसवलं. ताईनं पंप त्याच्या दातांमध्ये घातला आणि दाबला. "ओढ! ओढ रे राजा! अजून एकदा!" पहिल्यांदा औषध नुसतंच हनुवटीवरून ओघळलं. दुसऱ्यांदाही. ताई रडत होती, शिव्या देत होती, त्याच्या गालावर चापट्या मारत होती. तिसऱ्यांदा त्याची छाती वर आली आणि घशातून खर्र असा आवाज करत हवा आत गेली. मग तो खोकला, आणि खोकतच राहिला. गर्दीतल्या कोणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला. ताईचा जीव भांड्यात पडला.

रुग्णवाहिका आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. टॉर्चवाल्यानं चराच्या कडेनं गाड्या सरकवून तिला वाट करून दिली होती. तिच्यातल्या मुलीनं बारक्याला ऑक्सिजनचा मास्क लावला, बोटाला चिमटा लावून आकडा बघितला आणि मान हलवली. "वेळेवर निघाले," ती म्हणाली. "आज दवाखान्यात ठेवून घेतील. उद्या घरी सोडतील."

"ओरडला का नाहीस रे?" ताई त्याला म्हणाली. आता राग आला होता, आणि तो आवरायची तिची इच्छाच नव्हती. "एक थाप मारता आली नाही तुला? हात मोडले होते?"

बारक्यानं मास्क थोडा बाजूला केला. "धक्का बसायच्या आधीच दम लागला," तो तुटक तुटक बोलत होता. "म्हटलं, मारू थाप. मग म्हटलं, नको. तुम्ही दोघं संवाद म्हणताय, हसताय. कशाला मजा घालवायची? आणि मग मारायची म्हटली तर हातच उचलेना."

दादा शेजारी मातीत बसला होता, पोटरीला रुमाल बांधून. त्यानं मान खाली घातली.

"बरं, आता बोलू नकोस," ताई म्हणाली. "मी येते दवाखान्यात. आणि उद्या मीच तुला तुझ्या घरी नेऊन सोडते."

बारक्यानं तिचं मनगट धरलं. एवढा मोठा पंजा, पण पकड लहान पोराची. "घरी नको सोडूस गं," तो म्हणाला. "तिथे कोणी नाहीये. मी झोपतसुद्धा नाही तिथे. दिवा लावून बसून राहतो."

दोन वर्षं. दर रविवारी फोन, आणि दर रविवारी सगळं मस्त.

"माझ्याकडे चल," दादा घाईघाईनं म्हणाला. मग काहीतरी बोलायचं म्हणून, वेडगळासारखं, विचारून बसला, "किती दिवस राहशील?"

ताईनं डोळे वटारले. पण बारक्यानं तो प्रश्न अगदी गंभीरपणे घेतला. थोडा विचार केला.

"बरेच," तो म्हणाला. आणि मग इतक्या सगळ्या लोकांसमोर, टॉर्चवाल्यासमोर, त्या कोवळ्या मुलीसमोर, साठीच्या त्या धिप्पाड माणसानं भोकाड पसरलं. मुलगी घाबरून मास्क पुन्हा लावायला आली. ताईनं तिला हातानंच थांबवलं आणि त्याचं डोकं छातीशी धरून त्याला रडू दिलं.